विश्लेषण : खोली मिळाली, पण करार कुठे? पुण्यात शिकायला येणाऱ्यांसाठी नोंदणीकृत भाडेकरार का महत्त्वाचा?

महाविद्यालयीन प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्या की पुण्यात खोली शोधण्याची फेरी सुरू होते. वसतिगृहाच्या यादीत नाव न लागलेला विद्यार्थी आणि दोन दिवसांची रजा काढून आलेले पालक सदाशिव पेठेपासून धनकवडीपर्यंत आणि औंधपासून विमाननगरपर्यंत जिने चढत-उतरत असतात. परतीची गाडी सुटण्याआधी खोली ठरते. अनामत रक्कम दिली जाते, किल्ली हातात येते. करार मात्र ‘नंतर करू’ म्हणून मागे राहतो आणि बहुतेक वेळा मागेच राहतो. वर्षाच्या अखेरीस अनामत परत मागताना, शासनाच्या निवास भत्त्यासाठी अर्ज करताना किंवा मालकाने अचानक ‘महिनाअखेर खोली रिकामी करा’ असे सांगितल्यावर या कागदाची आठवण होते. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, असे कायदा सांगतो. तो करण्याची जबाबदारीही मालकाची आहे.

वसतिगृह नसेल तर पर्याय कोणते?

महाराष्ट्राला वसतिगृहांची मोठी परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे तिथे अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांची राहण्या-जेवणाची सोय करत आहे. समाजकल्याण विभागाची शासकीय वसतिगृहेही आहेत. तरीही मागणीच्या मानाने जागा कमी आहेत आणि उरलेल्यांना बाहेर सोय पाहावी लागते.

बाहेरच्या सोयीचे साधारण चार प्रकार आहेत. पहिला कॉट बेसिस. पेठांमध्ये हा शब्द वर्षानुवर्षे रुळलेला आहे. इथे खोली नव्हे, तर खोलीतली एक कॉट आणि एक कपाट भाड्याने मिळते. दुसरा पेइंग गेस्ट. घरमालक त्याच घरात राहतो आणि एखादी खोली विद्यार्थ्याला देतो. तिसरा खासगी होस्टेल. यात जेवण, साफसफाई, इंटरनेट असे सगळे एका मासिक रकमेत धरलेले असते. चौथा प्रकार म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट. या चारही प्रकारांना बोलताना ‘भाड्याने राहणे’ असेच म्हटले जाते. कायद्याच्या नजरेत मात्र ते एकसारखे नाहीत आणि विद्यार्थ्याला मिळणारे संरक्षणही एकसारखे नाही.

अकरा महिन्यांचा आग्रह कुठून आला?

यामागे घरमालकांची जुनी भीती आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला भक्कम संरक्षण दिले. त्यातून सुटका म्हणून मालक जागा भाड्याने देण्याऐवजी केवळ वापराच्या परवानगीने, म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’वर देऊ लागले. पण १९७३ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जागेत राहणाऱ्यांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. ‘एकदा घर दिले की परत मिळत नाही’ ही समजूत तेव्हापासून मालकांच्या मनात घट्ट बसली आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि चित्र बदलले. या कायद्याच्या कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. मुदतीनंतर जागा अडवून ठेवल्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणजे मालकाला भीती वाटण्याचे कारण बरेचसे उरलेले नाही. विद्यार्थ्यानेही हे लक्षात ठेवायला हवे. परीक्षा लांबली म्हणून मुदतीनंतर महिनाभर राहायचे असेल, तर करार आधीच वाढवून घेणे शहाणपणाचे.

अकरा महिन्यांचे गणित मात्र दुसऱ्याच कायद्यातून आले. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. म्हणून अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी टळते, असा समज देशभर पसरला. महाराष्ट्रात हा समज चुकीचा आहे.

मग कायदा नेमके काय सांगतो?

१९९९ च्या कायद्याचे कलम ५५ इथे महत्त्वाचे ठरते. त्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा किंवा भाड्याचा कोणताही करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. मुदत अकरा महिने असो वा तीन महिने, यात सूट नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती न करणाऱ्या मालकाला दोष सिद्ध झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होऊ शकते.

याच कलमातली आणखी एक तरतूद विद्यार्थ्यांना क्वचितच कुणी सांगते. नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. म्हणजे ‘करारच नाही, तर तुझा हक्क कसला’ हा मालकाचा युक्तिवाद कायद्याला धरून नाही.

तरतूद भक्कम असली तरी तिचा उपयोग न्यायालयात गेल्यावर होतो. परीक्षा संपवून गावी निघालेला विद्यार्थी अनामतीच्या रकमेसाठी पुण्यात खेटे घालत नाही, हे मालकालाही ठाऊक असते. म्हणूनच भांडण जिंकून देणाऱ्या कलमापेक्षा भांडण होऊ न देणारा कागद अधिक कामाचा.

नोटरी केलेला कागद चालत नाही का?

‘शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी करून देतो,’ असे अनेक मालक आणि दलाल सांगतात. नोटरी करणे म्हणजे नोंदणी नव्हे. असा कागद काहीच नसण्यापेक्षा बरा, पण कलम ५५ ची अट त्याने पूर्ण होत नाही.

नोंदणीचा खर्चही वाटतो तेवढा नाही. महाराष्ट्रात अशा करारावर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. संपूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी अनामत आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वार्षिक दहा टक्के दराने धरलेले व्याज, यांच्या बेरजेवर ते आकारले जाते. उदाहरणार्थ, चौघांनी मिळून महिना २० हजार रुपये भाड्याचा फ्लॅट ६० हजार रुपये अनामत देऊन अकरा महिन्यांसाठी घेतला, तर भाड्याचे २ लाख २० हजार आणि अनामतीवरील व्याजाचे साडेपाच हजार धरून २ लाख २५ हजार ५०० रुपये होतात. त्यावरचे शुल्क सुमारे ५६५ रुपये येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये आहे. दस्त हाताळणीचा आणि काम करून देणाऱ्याचा मोबदला त्याहून वेगळा. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी चौघांत वाटली, तर प्रत्येकी सुमारे चारशे रुपये पडतात. पंधरा हजारांची वैयक्तिक अनामत सुरक्षित करायला ही रक्कम जास्त नाही.

नोंदणीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात रांग लावण्याचीही गरज उरलेली नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन सुविधेतून, आधार क्रमांक आणि बोटांच्या ठशांवरून ओळख पटवून, घरबसल्या करार नोंदवता येतो.

करारावर कुणाकुणाची नावे हवीत?

इथे दोन चुका नेहमी होतात. फ्लॅटमध्ये चौघे राहतात आणि करार एकाच्याच नावावर असतो, ही पहिली. ज्याच्या नावावर करार आहे तो मध्येच महाविद्यालय बदलून गेला, की उरलेल्या तिघांचा त्या घराशी कागदोपत्री संबंधच राहत नाही. अनामत कुणी किती दिली याचीही नोंद नसते. चौघांचीही नावे परवानाधारक म्हणून घालावीत आणि प्रत्येकाचा अनामतीतला वाटा लिहावा. मध्येच कुणी गेल्यास नवा सोबती कसा येईल, हेही एका वाक्यात नमूद करता येते.

दुसरी चूक वयाची. बारावीनंतर लगेच आलेल्या अनेकांना अठरा वर्षे पूर्ण झालेली नसतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते. अशा वेळी आई, वडील किंवा पालक यांनी करारात पक्षकार व्हावे आणि राहणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव त्यात नमूद करावे. पालक पुण्यात असतानाच, म्हणजे खोली ठरते त्याच दिवशी हे काम उरकणे सोयीचे.

समोरच्या पक्षाचीही खात्री हवी. किल्ली देणारा खरोखर मालक आहे का, हे मिळकतकराची पावती, वीजबिल आणि खरेदीखताच्या सूची क्रमांक दोनवरून कळते. अनेक ठिकाणी एखादा चालक मालकाकडून फ्लॅट घेतो आणि त्यात कॉट टाकून विद्यार्थी ठेवतो. अशा वेळी मालकाने त्याला तशी परवानगी दिली आहे का, हे लेखी पाहावे. मालक आणि चालक यांचे बिनसले, तर घराबाहेर पडण्याची वेळ विद्यार्थ्यांवरच येते.

कॉट बेसिस आणि होस्टेलला हेच नियम लागू आहेत का?

नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. १९९९ च्या कायद्यातील ‘परवानाधारक’ या व्याख्येतून पेइंग गेस्ट तसेच होस्टेल, लॉज, गेस्ट हाऊस यांत राहणाऱ्यांना वगळले आहे. कायद्याच्या दृष्टीने पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः राहतो त्या घराचा काही भाग परवानगीने वापरणारी, कुटुंबाबाहेरची व्यक्ती. त्यामुळे मालक दुसरीकडे राहत असेल आणि रिकाम्या फ्लॅटमध्ये आठ कॉट टाकल्या असतील, तर दारावर ‘पीजी’ अशी पाटी लावल्याने ती जागा या व्याख्येत आपोआप बसत नाही. मात्र तो वाद घालायलाही हातात काही लेखी असावे लागते.

अशा ठिकाणी नोंदणीकृत करार मिळाला नाही, तरी सही-शिक्क्याचे पत्र मागता येते. त्यात महिन्याची रक्कम, अनामत, जेवणाच्या वेळा आणि सुटीतली वजावट, किती दिवस आधी सांगून सोडता येईल आणि अनामत किती दिवसांत परत मिळेल, एवढे असले तरी पुरे. जेवण आणि साफसफाईसह पैसे घेणारे होस्टेल ही सेवा आहे. सांगितलेली सेवा दिली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीसाठी शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

होस्टेलच्या बिलात जीएसटी लावला जात असेल, तर एक गोष्ट तपासावी. जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने केलेल्या शिफारशीनुसार दरमहा माणशी २० हजार रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला करातून सूट मिळाली आहे. बहुतेक विद्यार्थी या मर्यादेत बसतात.

शासनाच्या भत्त्याशी कराराचा काय संबंध?

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी राज्यात काही योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर मराठा आणि खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. आधार योजनेत प्रत्येक जिल्ह्यात ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा ठरवण्यात आली होती.

स्वाधार योजनेत पुण्यासारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. त्यात भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार आणि निर्वाहासाठी ८ हजार अशी विभागणी आहे. निवासाचे २० हजार रुपये दहा महिन्यांत वाटले, तर महिन्याला दोन हजार होतात. एवढ्यात पुण्यात साधी कॉट मिळणेही अवघड. शिवाय ही रक्कम नंतर, हप्त्याने बँक खात्यात जमा होते. अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे मात्र खोली घेतानाच मोजावे लागते. ज्याच्यासाठी योजना आहे, त्याच्याच घरात ही सुरुवातीची रक्कम उभी करताना ओढाताण होते.

त्यात अर्जासोबत विद्यार्थी सध्या कुठे राहतो याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार किंवा खासगी वसतिगृहाचा कागद जोडावा लागतो. मिळकतीची नोंद नको म्हणून मालकाने करार टाळला, तर त्याचा फटका थेट विद्यार्थ्याच्या भत्त्याला बसू शकतो. ‘मला स्वाधारसाठी करार लागणार आहे’ हे खोली पाहतानाच सांगितलेले बरे. नोंदणीकृत करार मतदार नोंदणीसाठीही पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो.

सोसायटी ‘बॅचलर चालणार नाहीत’ म्हणू शकते का?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला सदनिका लिव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. संस्थेला आधी कळवणे आणि कराराची प्रत देणे अपेक्षित आहे. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, तेही १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. इथेही नोंदणीकृत करार असला की सोसायटीशी बोलायला मालकाची बाजू भक्कम होते.

मालकाने स्वतःच जात, धर्म, प्रांत किंवा आहार विचारून नकार दिला, तर मात्र विद्यार्थ्याकडे फारसे उपाय नाहीत. आडनाव ऐकल्यावर ‘कालच खोली गेली’ असे उत्तर मिळण्याचा अनुभव अनेकांना येतो. तो नकार कागदावर येत नाही, म्हणून सिद्धही होत नाही.

पोलिसांना माहिती कुणी द्यायची?

शहरांतील पोलीस आयुक्त भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ नुसार वेळोवेळी आदेश काढून भाडेकरूंची माहिती देणे मालकांना बंधनकारक करतात. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ नुसार गुन्हा दाखल होऊ शकतो. ही माहिती देणे मालकाचे काम आहे. चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट असून दोन्हींची गल्लत करून विद्यार्थ्याकडून पैसे मागितले जात असतील, तर कोणते शुल्क कशासाठी, हे विचारावे.

ऑनलाइन जाहिरातींत फसवणूक कशी होते?

पद्धत ठरलेली आहे. चांगल्या भागातला, चांगल्या छायाचित्रांचा आणि बाजारापेक्षा स्वस्त फ्लॅट जाहिरातीत दिसतो. मालक स्वतःला लष्करी किंवा निमलष्करी दलातला, बदली झालेला अधिकारी म्हणवतो आणि ओळखपत्राचा फोटो पाठवतो. मग जागा दाखवण्याआधी ‘गेटपास’ किंवा ‘टोकन’ म्हणून रक्कम मागतो, नाहीतर क्यूआर कोड पाठवतो. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, तो पैसे देण्यासाठीच असतो. जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

अनामत अडकली तर काय करावे?

अनामत किती घ्यावी, यावर महाराष्ट्राच्या कायद्यात विद्यार्थ्यांच्या उपयोगाची मर्यादा नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. पण तो नमुना कायदा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही आणि महाराष्ट्रातील व्यवहार १९९९ च्या कायद्यानुसारच चालतात. त्यामुळे करारात लिहिले असेल तेच खरे.

लिहून घेण्याच्या गोष्टी मोजक्याच आहेत. अनामत किती दिवसांत परत मिळेल, रंगकामाचे पैसे कापणार का आणि किती, नेहमीच्या वापराने झालेली झीज नुकसान धरली जाणार नाही, सोडण्यापूर्वी किती दिवस आधी सांगायचे आणि ‘लॉक-इन’ किती महिन्यांचा. प्रवेशाच्या नंतरच्या फेरीत दुसरे महाविद्यालय मिळण्याची शक्यता असेल, तर लॉक-इनची अट आधीच सोडवून घ्यावी. पहिल्याच दिवशी भिंती, नळ, पंखे, गाद्या आणि वीजमीटरचे रीडिंग यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवावेत. भाडे आणि अनामत बँकेतून किंवा यूपीआयने द्यावी. रोख दिल्यास पावती घ्यावी.

तरीही पैसे अडकले, तर आधी लेखी मागणी करावी आणि नंतर वकिलामार्फत नोटीस द्यावी. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पर्याय आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना मोफत कायदेशीर मदत मिळते. मुलींना यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक आहे. बहुतेक मालकांना न्यायालयात जायचे नसते आणि नोंदणीकृत करारासोबत आलेली नोटीस पाहून अनेक प्रकरणे तिथेच मिटू शकतात. त्यासाठी तो करार पहिल्याच दिवशी, पालक परतीच्या गाडीत बसण्याआधी झालेला असावा लागतो.